चपटं तोंड आणि तापलेली पोटरी

कराडला ट्रकवाल्यांच्या घोळक्यात दहा मिनिटं उभे राहा, कुणीतरी हा विषय काढणारच. गाडी नाकवाली बरी, म्हणजे इंजिन केबिनच्या पुढे बोनेटखाली, की चपट्या तोंडाची, म्हणजे केबिनच इंजिनवर? मी दोन्ही चालवल्यात, आता गाड्या दुसरे चालवतात आणि मी भाड्याचे हिशोब बघतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायला मी मोकळा आहे. माझं म्हणणं एवढंच, की या वादाचा निकाल ड्रायव्हरला विचारून कधी लागलाच नाही. तो फूटपट्टीने लागला.

१९५४ साली टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) डाइमलर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरहून नाकवाल्या टाटा-मर्सिडीज रस्त्यावर आल्या. पुढे १२१० एसईसारख्या अर्ध्या नाकाच्या गाड्यांनी अख्खी एक पिढी पोसली. आज मोठ्या मालट्रकमध्ये नाक शोधून सापडत नाही. का? आपल्याकडे सांगाड्यावरच हौदा असलेल्या, म्हणजे ट्रेलर नसलेल्या, ट्रकला एकूण लांबी १२ मीटर, त्याच्यावर नाही. ही लांबी पुढच्या बंपरपासून मोजतात. इंजिन पुढे काढलं की मीटरभर जागा नाकातच गेली, म्हणजे हौदा तेवढा आखूड. केबिन इंजिनच्या डोक्यावर बसवली की तोच मीटर मालाला मिळतो. रिकाम्या बाटल्या, कापूस, बिस्किटं असला फुगीर माल भरणाऱ्याला विचारा, एका फुटाची किंमत तो तोंडपाठ सांगेल.

अमेरिकेतल्या लांब नाकाच्या गाड्यांचे फोटो टाकून ‘बघा, ते ड्रायव्हरची कशी काळजी घेतात’ म्हणणाऱ्यांना एक सांगतो. तिकडेही एके काळी चपट्या गाड्यांची चलती होती, कारण राज्याराज्यांत ट्रक आणि ट्रेलर मिळून लांबी मोजायचे. १९८२ च्या कायद्याने मोठ्या महामार्गांवर ती एकूण लांबीची अट काढली, फक्त ट्रेलर मोजायचा ठरलं. त्यानंतर लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाकं परत फुटली. युरोपात एकूण लांबी मोजणं चालूच राहिलं, म्हणून तिथे तोंड चपटंच. प्रेमाबिमाचा संबंध नाही.

आणि साखर, सिमेंट, लोखंड भरणाऱ्याला लांबीचं तेवढं पडलेलं नसतं, त्याला वजनाचं पडलेलं असतं. २०१८ पासून दोन आसांच्या (ॲक्सलच्या) गाडीला एकूण १८.५ टन चालतं, त्यातले ७ पुढच्या आसावर आणि ११.५ मागच्या. पुढचे ७ पुरेपूर वापरायचे तर हौदा पुढे सरकायला हवा, आणि तो केबिन पुढे गेल्याशिवाय सरकत नाही. म्हणजे इथेही चपटीच जिंकते.

आता सीटवरून बोलतो. कुंभार्ली घाटात चपटी गाडी म्हणजे सुख. नाकवालीत वळणावर समोर अर्धा रस्ता बोनेटच दिसायचं, क्लीनर दार उघडून बाहेर लोंबकळत ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडायचा. चपटीत समोरचा डांबर पायाशी दिसतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी, त्यामुळे जिथे नाकवालीला मागे-पुढे करावं लागायचं तिथे ही एका दमात वळते. भिवंडीच्या गोदामांच्या बोळात किंवा वाशीच्या मार्केटात तर दुसरी गाडी नकोच. फक्त नव्या पोराला एक सवय लावावी लागते. तुम्ही पुढच्या चाकाच्याही पुढे बसलेले असता. म्हणून स्टेअरिंग उशिरा मारायचं. कठडा काचेला टेकला असं वाटेपर्यंत थांबायचं, तेव्हा कुठे मागचं चाक गटारात जात नाही. पहिल्यांदा पोटात गोळा येतो.

पण काचेच्या अगदी खाली, बंपरला चिकटून, आणि डाव्या दाराच्या खाली काय आहे ते उंचावरून दिसत नाही. सायकलवाला, शाळेचं पोर, कुत्रं. लंडनमध्ये १२ टनांवरच्या गाड्यांना काचेतून थेट किती दिसतं यावर तारे देतात, आणि २०२१ पासून त्यावर परवाना ठरतो. आपल्याकडे खालचा आरसा तुटला तर कित्येक महिने कुणी बदलत नाही.

शरीराचं काय होतं ते मात्र ढाब्यावरच्या बाजेवर कळतं. नाकवालीत ड्रायव्हर दोन आसांच्या मध्ये बसायचा, खड्डा स्प्रिंगच्या पाट्यांमधून येता येता अर्धा जिरायचा. चपटीत आसाच्या डोक्यावर, थोडं पुढेच बसल्यामुळे तो सरळ माकडहाडात येतो. ब्रेक मारला की केबिन मुजरा करते. आणि डाव्या हाताला इंजिनचं झाकण. एप्रिल-मे महिन्यात कासऱ्याचा चढ खालच्या गिअरमध्ये चढून बघा, क्लचच्या पायाची पोटरी भाजून निघते. जुने वस्ताद झाकणावर गोणपाट टाकायचे, वर घोंगडी. आवाजाचा त्रास वेगळाच. आमच्या वयाच्या बहुतेकांना फोनवर दोनदा सांगावं लागतं.

अपघाताचं फार लिहीत नाही. रात्री महामार्गावर बिनदिव्याची उभी गाडी, मागून धडक. नाकवालीत आधी लोखंड चेपायचं. चपटीत काच, आणि लगेच गुडघे.

दुरुस्तीत मेकॅनिक खूश असतो. केबिन पंपाने उचलली की अख्खं इंजिन उघडं. त्याआधी स्टो, पाण्याचा कॅन, देवाचा फोटो, सगळं बाहेर काढायचं. ऑइल बघायला पुढे झडप असते, तेवढ्यासाठी केबिन उचलावी लागत नाही.

माझं गणित सरळ आहे. दोष तोंडाचा कमी आणि केबिनवर वाचवलेल्या पैशांचा जास्त. वर्षानुवर्षं आपण नुसता सांगाडा विकत घेतला आणि बॉडीवाल्याकडून लाकूड-पत्र्याची केबिन ठोकून घेतली. त्या केबिनच्या उष्णतेचं खापर चपट्या तोंडावर फोडणं चूक आहे. चारही कोपऱ्यांना स्प्रिंग असलेली केबिन, हवेवर बसणारी सीट आणि इंजिनच्या झाकणाला चांगलं अस्तर मिळालं तर तीच चपटी गाडी मुक्कामाला माणसाला माणसासारखी पोचवते. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला, ते उत्तमच. पण नियम नव्या गाडीला आहे. जुन्या गाड्या अजून कित्येक वर्षं धावणार, आणि डिझेल वाचवायला ‘घाटात एसी बंद ठेव रे’ असं फोनवर सांगणारे मालकही आहेत. ते स्वतः मात्र इनोव्हातून बोलत असतात, काचा वर करून.