बर्फातला ड्राइव्हवे सिमेंट वाढवून टिकत नाही

सध्या एक सल्ला भरपूर फिरतोय: "बर्फ पडणाऱ्या भागात ड्राइव्हवे, पॅटिओ आणि पायवाटा फुटतात, कारण काँक्रीट कमजोर असतं. सिमेंट वाढवा, सळई टाका, वरून घोटून गुळगुळीत करा, थंडीत ओतायचं असेल तर कॅल्शियम क्लोराइड घाला आणि शेवटी सीलर (पाणी मुरू न देणारं द्रव्य) मारा. मग आयुष्यभर बघायला नको." ऐकायला सगळं पटतं. लोक तसं करतातही, आणि एकदोन हिवाळ्यांत वरचे पापुद्रे सुटू लागतात.

इथे मूळ निदानच चुकलं आहे. काँक्रीटला मारतं ते त्यात मुरलेलं पाणी. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. छिद्रं पाण्याने भरलेली असतील तर त्या फुगण्याला जागा नसते, दाब येतो आणि काँक्रीट आतून तडकतं. गोठणं-वितळणं हिवाळ्यात पुन्हा पुन्हा होतं, म्हणून नुकसान साचत जातं.

"सिमेंट वाढवा." हवी असते ती हवा. एअर-एंट्रेनिंग अ‍ॅडमिक्स्चरने, म्हणजे मिश्रणात घालायच्या हवा धरणाऱ्या रसायनाने, काँक्रीटमध्ये अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि गोठणाऱ्या पाण्याला सरकायला जागा मिळते. 20 मिमी खडीच्या मिश्रणात हवेचं प्रमाण साधारण 6 टक्के लागतं, दीड टक्का इकडेतिकडे चालतो. बुडबुडे एकमेकांच्या इतके जवळ हवेत की कुठल्याही बिंदूपासून जवळचा बुडबुडा सुमारे 0.2 मिमीच्या आत सापडावा. हवेच्या प्रत्येक टक्क्यामागे ताकद सुमारे 5 टक्क्यांनी घटते हे खरं, पण ती घट मिश्रण ठरवतानाच भरून काढतात. तेव्हा रेडीमिक्सची ऑर्डर देताना नुसता ग्रेड सांगून थांबू नका. 30 मेगापास्कलच्या आसपास ताकद, पाणी-सिमेंट गुणोत्तर (पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन) जास्तीत जास्त 0.45 आणि हवा 6 टक्के, या तिन्ही गोष्टी लेखी घ्या. वाहतुकीत हवा कमी होऊ शकते, म्हणून ती साइटवर एअर मीटरने मोजून घेतलेली बरी.

सिमेंट वाढवून काही साधत नाही, उलट पेस्ट वाढल्यामुळे काँक्रीट जास्त आकसतं. खरा घात होतो तो ट्रक आल्यावर. "घट्ट आहे, जरा पाणी सोडा" असं कोणीतरी म्हणतं. हिशोब करून बघा: घनमीटरला 350 किलो सिमेंट आणि 157 लिटर पाणी, म्हणजे गुणोत्तर 0.45. त्यात घनमीटरला 20 लिटर पाणी वाढलं की ते 0.51 वर जातं. सिमेंट तेवढंच राहतं, पण पाणी शोषणारी छिद्रं वाढतात. पसरायला सोपं हवं असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारं रसायन, मागा.

"सळई टाकली की तडे जात नाहीत." तडे जातातच. सळई किंवा जाळी त्यांना रुंद होऊ देत नाही, एवढंच तिचं काम. आणि तेही ती कव्हर ब्लॉकवर (सळई उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांवर), स्लॅबच्या मध्याच्या थोडी वर बसली तरच. जमिनीवर अंथरून "ओतताना हुकाने वर ओढू" म्हटलेली जाळी बहुतेक वेळा तळाशीच राहते.

तडा कुठे जावा हे जॉइंटने, म्हणजे स्लॅबमध्ये मुद्दाम पाडलेल्या खाचेने, ठरवायचं असतं. 100 मिमी जाडीच्या स्लॅबला 2.4 ते 3 मीटरवर जॉइंट द्या. खोली जाडीच्या पाव भाग, म्हणजे 25 मिमी. जॉइंटमधले चौकोन शक्यतो चौरस ठेवा, लांबी रुंदीच्या दीडपटीपुढे नको. करवतीने कापायचे असतील तर काँक्रीटच्या कडा तुटत नाहीत एवढं ते घट्ट होताच, बहुधा त्याच दिवशी कापा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर तडा स्वतःची वाट शोधून मोकळा झालेला असतो. घराची भिंत, पायऱ्या आणि खांब यांच्याशी मात्र स्लॅब चिकटू देऊ नका, मध्ये 12 मिमीची फिलर पट्टी हवी.

स्लॅब वर उचलला जात असेल तर सळई काहीही करू शकत नाही. ते काम खालच्या मातीतल्या बर्फाचं. गाळाची बारीक माती खालून पाणी ओढते आणि गोठून बर्फाचे थर तयार होतात. 100 ते 150 मिमी ठेचलेली खडी थराथराने, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून घ्या. माती वाईट असेल तर त्याहून जास्त. घरापासून दूर मीटरला 20 मिमी उतार द्या. गोठलेल्या जमिनीवर कधीच ओतू नका.

"घोटून गुळगुळीत करा." सगळ्यात जास्त पापुद्रे इथे तयार होतात. ओतल्यावर काही वेळाने पाणी वर येतं आणि पृष्ठभाग चकाकतो. त्या पाण्यावर थापी फिरवली की ते वरच्या एकदोन मिलिमीटरमध्ये कोंडलं जातं आणि नेमका वरचाच थर सगळ्यात कमजोर होतो. त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरणं किंवा पाणी शिंपडून घोटणं म्हणजे पापुद्र्यांची सोयच. चकाकी जाऊ द्या. पाय ठेवल्यावर साधारण 6 मिमी ठसा उमटेल तेव्हा लाकडी किंवा मॅग्नेशियमचा रंधा फिरवा, मग झाडूचे आडवे ओढे द्या आणि थांबा. बाहेरच्या, हवा असलेल्या काँक्रीटवर स्टीलची थापी किंवा पॉवर ट्रॉवेल नको. त्याने वरची हवा निघून जाते, खाली फोड येतात आणि बर्फात पाय घसरतो तो वेगळाच.

"कॅल्शियम क्लोराइड घातलं की गोठत नाही." ते फक्त लवकर घट्ट करतं, गोठणं रोखत नाही. वर सळईला गंज आणि रंगाला डाग. कोवळ्या काँक्रीटला सुमारे 3.5 मेगापास्कल ताकद येईपर्यंत एकदाही गोठू द्यायचं नसतं. त्यासाठी कोमट पाण्यात मिसळलेलं मिश्रण आणि वरून इन्सुलेटेड ब्लँकेट हवं. कडा आणि कोपरे आधी गोठतात, तिथे ब्लँकेट दुहेरी टाका.

"शेवटी सीलर मारा." सिलेन-सिलोक्सेन जातीचा, आत मुरणारा सीलर उपयोगी आहे, पण 28 दिवसांनंतर आणि कोरड्या पृष्ठभागावर. हवा नसलेलं किंवा पाणी घालून पातळ केलेलं काँक्रीट तो वाचवू शकत नाही. पहिलं गोठणं आणि मीठ येण्याआधी किमान 7 दिवस 10 अंशांच्या वर ओलं क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) आणि नंतर महिनाभर सुकणं झालेलं हवं. म्हणूनच हिवाळ्याच्या तोंडावर ओतलेला ड्राइव्हवे सगळ्यात धोक्यात असतो. पहिल्या हिवाळ्यात त्यावर मीठ टाकू नका, नुसती वाळू पसरा. गाडीखाली साचून टपकणारा खारट चिखलही वेळच्या वेळी खरवडून काढा. अमोनियम सल्फेट किंवा अमोनियम नायट्रेट असलेलं बर्फ वितळवणारं मिश्रण तर कधीच वापरू नका. ते काँक्रीटला रासायनिकरीत्या खातं.