घोडं कुठं पेंड खातं

घोड्याशी माझी ओळख माथेरानपुरती. तिथं लगाम घोडेवाल्याच्या हातात. आपण फक्त फोटोत रुबाबदार दिसायचं. नोकरीनं आइसलँडात, रेक्याविकला आणलं आणि लेकीच्या हट्टापायी दर शनिवारी मांड ठोकायची वेळ आली.

आइसलँडी घोडा तसा बुटका, खांद्यापाशी जेमतेम 140 सेंटिमीटर. डोळ्यांवर झिपऱ्या. पण इथं लांडगे नाहीत, घोड्यावर झडप घालणारं दुसरं जनावर नाही, म्हणून हा सहसा कशाला बिचकत नाही. मला तर नाहीच. टाच मारली की मान वळवून बघतो, कोण आलंय ते, आणि पुन्हा गवताला तोंड लावतो. घोडं कुठं पेंड खातंय हे मला दर दहा पावलांवर कळतं.

आपल्याकडे अडीच वर्षांचं पोर प्लेग्रुपात कोंबतात. इथं शिंगरू चारेक वर्षांचं होईपर्यंत त्याच्यावर खोगीर चढत नाही. पुष्कळशी शिंगरं उन्हाळाभर कळपाबरोबर डोंगरात हुंदडतात, नद्या ओलांडतात, लाव्हाच्या खडकांतून वाट काढतात. सप्टेंबरात गावकरी सगळ्यांना हाकत खाली आणतात. पाय कुठं टाकायचा हे ती तिथंच शिकतात. मास्तरानं नंतर शिकवायचं ते मुख्यतः पाठीवरच्या माणसाला सोसणं. माझ्या घोड्याचा हा धडा चांगलाच घोटून घेतलेला दिसतो.

खरी परीक्षा टोल्टची. या चालीत एक तरी पाय कायम जमिनीवर, म्हणून स्वाराला हिसका नाही. भरला बिअरचा ग्लास हातात धरून इथं शर्यती लावतात. बाई म्हणाल्या, "जरा मागे रेला, लगाम हलकेच आखडा, कंबर सैल सोडा." चाळिशीनंतर कंबर सैल सोडणं आपल्या हातात असतं होय? मी ताठरलो, घोडं दुडकीवर आलं, आणि माझ्या दाढा एकमेकींची खबर घेऊ लागल्या. लेक शेजारून होडीसारखी निघून गेली. "बाबा, तू त्याला शिकवू नको ना, त्याला येतं!"

येणारच. या चालीमागचं जनुक 2012 मध्ये सापडलंय. माझ्या जनुकांत फार तर चालती लोकल पकडणं निघेल.

रोगराई येऊ नये म्हणून देशाबाहेर गेलेल्या घोड्याला इथं परत घेत नाहीत, वापरलेलं खोगीरही बाहेरून आणू देत नाहीत. मोठ्या आशेनं मी बाईंना सांगितलं, दिवाळीला पुण्याला जाऊन येतोय.

"छान! आल्यावर बूट तेवढे जंतुनाशकानं धुऊन घ्या."