भावार्थ फळ्यावर लिहिण्याआधी

आटपाडी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी २२ वर्षे मराठी शिकवतो आहे आणि त्यांतली निदान पहिली १० वर्षे मी वाचन शिकवलेच नाही, असे आता वाटते. कविता चालीवर म्हणायची, कठीण शब्दांचे अर्थ आणि भावार्थ फळ्यावर लिहायचा, प्रश्नोत्तरे वहीत उतरवून घ्यायची, हा ठरलेला क्रम. गुण चांगले पडत. मात्र कृतिपत्रिकेत अपठित उतारा आला की तीच मुले प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात हुडकत आणि तो सापडला की ते वाक्य जसेच्या तसे उतरवून मोकळी होत.

हा क्रम पहिल्यांदा मोडला तो बालकवींची श्रावणावरची कविता घेताना. 'शिरवे' हा शब्द वर्गात कोणालाच ठाऊक नव्हता. 'पावसाची सर' असे लिहायला हात फळ्याकडे गेलाही होता, पण थांबलो आणि त्या ओळीतले बाकीचे शब्द काय सांगतात ते पाहायला सांगितले. एकाने 'सरसर' धरला, एकीने दोनदा आलेला 'क्षणात'. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आलं नि लगेच ऊन पडलं, म्हंजे झड न्हाई, नुसती सर." बालकवी खानदेशातले, १९१८ साली गेलेले, आमचा माणदेश पर्जन्यछायेतला. असा श्रावण या मुलांनी दारात क्वचितच पाहिला असेल, तरी तो त्यांनी ओळीतून काढला. या एका शब्दाला १२ मिनिटे लागली, हेही सांगितले पाहिजे.

कथेत अडचण निराळी असते. आठवीला वाचून दाखवलेल्या एका कथेत, परमुलखातून परतलेल्या वडिलांना पाहून लहान मुलगा दाराआड लपतो. 'कोठे लपला?' याला सगळ्यांचे हात वर. 'का लपला?' म्हटल्यावर शांतता. मग एक जण म्हणाला, "बाप मारत आसंल." दुसरा म्हणाला, "त्याला बापाची वळखच न्हाई ऱ्हायली, सर. मी पण आसाच लपलो हुतो." त्याच्या वडिलांचे गलाईचे दुकान तमिळनाडूत आहे, खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरे सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत.

त्याचे उत्तर तिथल्या तिथे मान्य करण्याचा मोह मला झाला. पण स्वतःचा अनुभव आठवणे म्हणजे कथा समजणे नव्हे. स्वमताच्या प्रश्नाखाली मुले पानभर आपलेच सांगतात आणि पाठ बाजूला राहतो, तो याच गैरसमजामुळे. म्हणून दोघांनाही एकच विचारले, "कोणत्या वाक्यावरून?" पहिल्याला माराचा उल्लेख कुठेच मिळाला नाही. दुसऱ्याने बोट ठेवले ते सुरुवातीच्या एका साध्या वाक्यावर, वडिलांविना दोन दिवाळ्या गेल्याचे सांगणाऱ्या. ते वाक्य मी स्वतः घाईने वाचून गेलो होतो.

असे शिकवले तर पोर्शन कधी संपणार, असे एका प्रशिक्षणात मला ऐकवण्यात आले. प्रश्न रास्त आहे. मी सत्रात दोन कविता आणि दोन कथाच अशा घेतो. बाकीच्यांचा भावार्थ अजूनही सरळ फळ्यावर लिहितो.

'बाप मारत आसंल' म्हणणारा मुलगा दोन दिवसांनी पुस्तक घेऊन स्टाफरूमच्या दारात आला. "मग सर, आई का पुढं आली न्हाई?" कथेतली आई शेवटपर्यंत चुलीपाशीच बसून राहते. मी पुस्तक त्याच्याकडून घेतले आणि कथा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.