फिरायला गेलेय, घरीच आहे

पायाला भिंगरी असणं हे कौतुकाचं वगैरे ठीक आहे, पण ती भिंगरी लावलेले पाय घराबाहेर काढताच येत नसतील तर माणूस जागच्या जागी गरगरतो, एवढंच होतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यात नवऱ्याची रजा संपली, माझी त्याच्या आधीच संपली होती, त्यामुळे यंदा कुठेही जायचं नाही हे आम्ही ठरवलंसुद्धा नाही, ते आपलं आपणच ठरलं. आणि नेमका हाच मुहूर्त साधून बाकीचं सगळं जग फिरायला निघतं. एरवी जिना उतरायचाही कंटाळा करणारी मैत्रीण अचानक बर्फात उभी असते, दोन्ही हात पसरून. शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी विमानाच्या खिडकीतून पंखाचा फोटो टाकतं. आता विमानाचा पंख कुठेही गेलात तरी पंखासारखाच दिसणार ना, तरी आपण तो झूम करून बघतोच.

मग सल्ले सुरू होतात. "अगं, फिरायला लांबच जायला पाहिजे असं थोडीच आहे, जवळपास केवढं काय काय असतं, आपण बघतच नाही." हे वाक्य मी आजवर फक्त नुकतंच लांब जाऊन आलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय.

पण आयडिया जुनी आहे बरं का. १७९० मध्ये झाविए द मेस्त्र नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने इटलीतल्या तुरिनमध्ये द्वंद्वयुद्ध केलं आणि त्याबद्दल त्याला ४२ दिवस खोलीतून बाहेर न पडण्याची शिक्षा झाली. पठ्ठ्याने त्या ४२ दिवसांत स्वतःच्या खोलीचंच प्रवासवर्णन लिहिलं. खोलीचे अक्षांश सांगितले, तिचा घेर ३६ पावलं आहे हे सांगितलं, टेबलापासून निघून भिंतीवरच्या चित्रापर्यंत आणि तिथून पलंगापर्यंत असा रमतगमत प्रवास केला. हे कळल्यावर मला एकदम हुरूप आला, म्हटलं आपली खोली काय वाईट आहे. पण पुढे वाचलं तर कळलं की साहेबांच्या हाताशी जोआनेत्ती नावाचा नोकर होता. सगळा फरक तिथेच पडतो! साहेब खुर्चीत रेलून चित्राकडे बघतात आणि त्यांना कलेबद्दल विचार सुचतात. मी पलंगावरून निघाले, पहिलंच स्थळ लागलं पडदा, तो धुवायला झाला होता. पुढे कपाट, त्याच्या बिजागरीत तेल घालायचं राहिलंय. कपाटाच्या वर बॅगा, बॅगांवर धूळ, म्हणजे प्रवासाला न्यायच्या वस्तूच मला सांगत होत्या की आधी आम्हाला पुसा. खिडकीपाशी पोचेपर्यंत माझ्या हातात फडकं आलं होतं आणि प्रवासवर्णनाच्या जागी कामांची यादी तयार झाली होती.

मग माझ्या लक्षात आलं की घरात फिरता येत नाही याचं कारण अंतर हे नाहीच. परगावी आपल्याला जे सुख मिळतं ते अर्ध्याहून जास्त या गोष्टीचं असतं की तिथलं कुठलंही बिजागर, कुठलाही पडदा, कुठलाही माणूस आपल्याकडून काहीही अपेक्षा करत नाही. तिथला नळ गळत असला तर तो गळतो, आपण म्हणतो वा, काय जुना नळ आहे, आणि फोटो काढतो.

म्हणून मग दुसरा मार्ग, इंटरनेट. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे नकाशातून थेट रस्त्यावर उतरून तिथले फोटो बघायची सोय, २००७ मध्ये अमेरिकेतल्या पाच शहरांपासून सुरू झालं आणि आता बऱ्याचशा जगात नकाशावरच्या त्या पिवळ्या बाहुल्याला मानगुटीला धरून कुठेही टाकता येतं. मी त्याला आइसलँडमध्ये टाकलं. पुढे एक ट्रक होता. बाण दाबला, पुढे गेले, ट्रक पुढे. परत बाण, परत ट्रक. ज्या गाडीवरून हे फोटो काढले ती बिचारी त्या ट्रकच्या मागे अडकली असणार आणि तिच्यामागे आता मी, त्यामुळे आइसलँडचं जगप्रसिद्ध सौंदर्य मला ट्रकच्या दोन्ही बाजूंनी जेवढं उरलं तेवढं दिसलं. ओव्हरटेक करायची सोय नाही, हॉर्न नाही. आणि मग एका चौकात वळले तर एकदम ऋतूच बदलला, कारण तो रस्ता दुसऱ्या वर्षी टिपलेला. ट्रक मात्र गेला एकदाचा.

सासूबाई शेजारी पाय लांब करून बसल्या होत्या, त्यांनाही म्हटलं चला, तर आम्ही दोघी लिस्बनच्या एका उताराच्या गल्लीत उतरलो. मी बघत होते भिंतींवरच्या निळ्या टाइल्स. त्या बघत होत्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे.

"चादर नीट पिळलेली नाहीये," त्या म्हणाल्या. "आणि ही म्हातारी कोण, तोंड का पुसून टाकलंय हिचं?"

म्हटलं आई, सगळ्यांचीच तोंडं धूसर करतात, ओळख पटू नये म्हणून.

"मग शेजाऱ्यांना कसं कळायचं कोण चाललंय ते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत तीच गल्ली लावायला सांगितली. कपडे अजून तिथेच होते, त्यांचा जीव खालीवर झाला, पाऊस आला तर काय करणारे ती बाई.

मध्येच कुठेतरी वाचनात आलं की नेदरलँड्समध्ये १,५३० लोकांचा अभ्यास करून २०१० मध्ये संशोधकांनी सांगितलं की सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त खूश असतात ते जाण्याच्या आधी, परत आल्यावर मात्र दोघांच्या आनंदात फारसा फरक नसतो. हे म्हणजे माझ्यासारखीसाठी सरकारी मान्यताच की! म्हणजे नुसता प्लॅन करायचा, जायचं नाही, आनंद खिशात. मी तशी करून बघितली एक सहल, गाड्यांच्या वेळा काढल्या, कुठे थांबायचं ते काढलं, पाऊस पडला तर काय याचा वेगळा प्लॅन केला, आणि रात्री नवऱ्याने तो कागद बघून शांतपणे विचारलं की या दोन गाड्यांच्या मध्ये फक्त पंधरा मिनिटं आहेत, जमेल का? त्यावरून आमचं जे काही वाजलं ते अगदी खऱ्या प्रवासात वाजतं तसंच. एवढं हुबेहूब नको होतं.

तसं हुबेहूब करण्यात करोनामुळे घरी अडकलेल्या २०२० सालच्या जगाचा हात कोणी धरू नये. तैवानमधल्या तैपेईच्या सोंगशान विमानतळावर लोकांनी बोर्डिंग पास घेतला, सुरक्षा तपासणी करून घेतली, विमानात बसले आणि विमान न उडताच उतरून घरी गेले. आणि क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने सिडनीहून सिडनीला असं सात तासांचं विमान काढलं तर त्याची तिकिटं दहा मिनिटांत संपली. लोक हसले तेव्हा, मीही हसले होते. आता नाही हसत. सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये बेल्ट आणि चपला काढून ठेवण्याचीसुद्धा आठवण येऊ शकते माणसाला.

शेवटी मी पायीच निघाले. नियम एकच, प्रत्येक वळणावर नाणं उडवायचं, छापा आला तर डावीकडे, काटा आला तर उजवीकडे, म्हणजे रोजची वाट आपोआप चुकेल. पहिल्याच कोपऱ्यावर शेजारचे काका भेटले.

"काय हरवलंय का?"

नाही हो काका, फिरतेय.

"इथे?" असं म्हणून त्यांनी आजूबाजूला असं बघितलं की जणू मी त्यांच्या गल्लीचा अपमान केलाय.

पुढच्या वळणावर नाण्याने परत त्यांच्यासमोर आणून सोडलं. मग काका हसले. तिसऱ्यांदा भेटल्यावर हसले नाहीत, मोबाइल काढून कोणाला तरी फोन लावला, आणि मी घरी पोचायच्या आत नवऱ्याला माझी तब्येत कळलेली होती. पण याच्यामागे गणित आहे, माझा दोष नाही. जॉर्ज पोल्या नावाच्या गणितज्ञाने १९२१ मध्ये सिद्ध केलंय की चौकटीचौकटीच्या अमर्याद शहरात प्रत्येक चौकात माणूस नशिबावर हवाला ठेवून वळत राहिला तर तो कधी ना कधी निघाला तिथेच परत येतो, खात्रीने येतो. त्यालाही हा प्रश्न झुरिकजवळच्या झाडीत फिरताना पडला होता म्हणे, एक विद्यार्थी आणि त्याची वाग्दत्त वधू त्याला परत परत भेटत राहिले आणि बिचारा ओशाळला, आपण पाळत ठेवतोय असं त्यांना वाटेल म्हणून. मजा म्हणजे वर-खालीसुद्धा जायची सोय असेल तर परत येण्याची शक्यता जेमतेम ३४ टक्क्यांवर येते. म्हणजे पक्षी सुटू शकतो, आपण नाही. हे काकांना समजावून सांगणार होते पण त्यांनी दार लावून घेतलं.

जमलं ते फक्त बसने. रोज ज्या बाजूला जाते त्याच्या उलट बाजूची बस पकडली आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिले. उतरल्यावर बघते तर काहीच नव्हतं, म्हणजे बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक भिंत, दोन बाकं, टायरमध्ये लावलेलं एक झाड, आणि एक कुत्रा ज्याने डोकं वर केलं, मला बघितलं आणि परत खाली टाकलं. त्याच्या या वागण्याने मला जे काही बरं वाटलं! बाकावर बसले, फोन बंद. एका बाईने मला पत्ता विचारला, मी म्हटलं मी इथली नाही हो, आणि हे वाक्य उच्चारताना मला खरोखर परदेशी गेल्यासारखं वाटलं. दोन-तीनदा मनातल्या मनात परत म्हणून घेतलं. घर तिथून बसने फार तर पाऊण तासावर होतं.

घरी येऊन हे सगळं सांगितलं तर नवरा म्हणाला, भिंत बघायला गेली होतीस? सासूबाईंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं, कुत्र्याचा रंगसुद्धा विचारला, आणि मग म्हणाल्या, "मलाही ने की."

त्यांना जिना उतरायची परवानगी नाही. म्हणून आता मी व्हिडिओ कॉल लावून जाते, फोन छातीशी धरून, आणि वाटेची मुखत्यारी त्यांच्याकडे. कानात सतत आवाज, डावीकडे बघ, हळू चाल, मागे फिर, त्या गच्चीत काय आहे बघू. नाणं उडवायचा प्रश्नच मिटला. कोणाच्याही खिडकीखाली थांबवतात, एकदा तर परक्याच एका फाटकासमोर मला एवढा वेळ उभं केलं की आतून एक गृहस्थ बाहेर आले आणि कोण पाहिजे म्हणून विचारायला लागले. मी काही बोलायच्या आत छातीपाशी धरलेल्या फोनमधून आवाज गेला, "काही नाही हो, आम्ही प्रवासी आहोत. तुमची चादर मात्र पडलीय खाली."