आठ म्हणजे शून्य

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

वॉशिंग मशीनचा पाणी बाहेर टाकणारा पंप गेलाय. आत भिजलेल्या चादरी, दार लॉक. खालचं फिल्टरचं झाकण उघडून ताटलीत पाणी काढत तासभर फतकल मारून बसले होते. कंपनीला तीन फोन. तिन्ही वेळा तसाच मधाळ आवाज, "चोवीस तासांत आमचे प्रतिनिधी संपर्क करतील, मॅम." दोन सुट्ट्या गेल्या. कोणी फिरकलं नाही.

आज चौथा फोन एका मुलीनं घेतला. बराच वेळ नुसती कीबोर्डची टकटक. मग हळूच म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का? पार्टच आलेला नाहीये. मंगळवारच्या आत कोणी येणार नाही. उगाच सुट्टी टाकून बसू नका."

बस्स, एवढंच. चादरी तशाच ओल्या, पण माझा जीव भांड्यात पडला.

नंतर रेटिंगचा मेसेज आला. मी दहापैकी आठ दिले. आपल्या हिशेबात आठ म्हणजे डिस्टिंक्शन! रात्री भावाला सांगितलं, तो याच धंद्यात आहे. म्हणाला, "ताई, आठ दिलेस म्हणजे शून्यच दिलेस." 2003 मध्ये फ्रेडरिक रायकहेल्ड नावाच्या सल्लागारानं रेटिंग मोजायची ही पद्धत मांडली म्हणे. 9-10 देणारे खूश, 0 ते 6 वाले नाराज, आणि 7-8 वाले खिजगणतीतच नाहीत. म्हणजे चौघांत एकटी खरं बोलली ती, आणि मी तिच्या पदरात काय टाकलं? काही नाही.

'ग्राहकाशी गोड वागा, धंदा आपोआप वाढेल' असं व्याख्यान झोडणाऱ्यांना मला एकच विचारायचंय. वागायचं कोणी? गोदामात पंप न ठेवणाऱ्या साहेबानं, की हेडफोन लावून आमच्या शिव्या खाणाऱ्या पोरीनं? साहेब नामानिराळा, आणि गोडवा सगळा पोरीच्या पगारात! पंपाची जागा साखर घेते का?

हो, माहितीये, कोणीतरी रायनएअर या विमान कंपनीचं नाव काढणारच. प्रवाशांशी तुसडेपणानं वागण्यात बदनाम, तरी प्रवासीसंख्येत युरोपात पहिली. स्वस्त तिकीट दिसलं की आपण अपमान गिळतो, मान्य. पण 2013 मध्ये नफा अंदाजापेक्षा कमी होणार असं दोनदा सांगायची वेळ आली, तेव्हा त्यांनाही हातात आणखी एक छोटी बॅग नेऊ द्यायचं सुचलंच ना?

आता जरा शांत झालेय, तर खरं सांगते. त्या मुलीमुळे पुढचं मशीन मी याच कंपनीचं घेईन का? नाही घेणार. तिनं स्वतःचं काही काढलं तर मात्र डोळे मिटून तिच्याकडे जाईन. म्हणजे तिच्या चांगुलपणातून कंपनीला दमडी मिळाली नाही. नको मिळू दे. माझी उद्याची सुट्टी वाचली.

रेटिंग बदलायला परत फोन लावला होता. एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा, मग गाणं. बदलता येत नाही.

हे टाइप करतानाच मेसेज आलाय, "आपल्या तक्रारीचे यशस्वीरीत्या निवारण झाले आहे." आज शुक्रवार. चादरींना वास यायला लागलाय.