फिरता चक थांबवण्याचा स्वस्त उपाय

लेथच्या गाळ्यातल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी लावायचं एकदाचं ठरवलंत, अभिनंदन. वीज वाचणार हे खरंच आहे. चार फुटी ट्यूब ३६ वॅटची, वर तांब्याचा चोक दहाएक वॅट खातो, आणि त्या जागी आता १८ किंवा २० वॅटमध्ये भागणार. काढलेले चोक भंगारवाला घेईल, त्यात आठवड्याचा चहा निघेल. इथवर तुमचा हिशेब चोख आहे. आता खरेदीला गेल्यावर अक्कल चालवून तो बिघडवू नका.

पुण्यात असाल तर तपकीर गल्ली गाठा, मुंबईत असाल तर लोहार चाळ. दुकानदार काउंटरवर दोन ट्यूब टाकेल. दोन्ही दिसायला सारख्या, दोन्हींच्या खोक्यावर ‘फ्लिकर फ्री’, म्हणजे उजेड लुकलुकत नाही, असं छापलेलं, दोन्हींना वॉरंटी. एक मात्र थोडी महाग. का महाग, ते चुकूनही विचारू नका. एखादा दुकानदार खरं सांगून बसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा व्होल्टेज शून्यावर येतं. तेवढ्या क्षणापुरता करंट पुरवायला महाग ट्यूबच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, वीज साठवणारा बऱ्यापैकी कपॅसिटर बसवलेला असतो. स्वस्त ट्यूबमध्ये तो नावाला असतो किंवा नसतोच. जुन्या ट्यूबमधली पावडर निदान मधल्या वेळात थोडी धुगधुगी धरून राहायची. एलईडीला तेवढीही माया नाही, करंट गेला की उजेड गेला. सेकंदाला शंभरदा. पण डोळ्यांना ते दिसत नाही, आणि जे दिसतच नाही त्याचे पैसे का मोजायचे?

या बचतीचं खरं फळ लेथवर, म्हणजे जॉब फिरवून कापणाऱ्या मशीनवर मिळतं. हा जॉब जॉंमध्ये, म्हणजे जबड्यांत, धरून फिरवतो तो चक. चार जॉचा चक १५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वेगाला, सेकंदात २५ फेरे घेतो. एकदा उजेड आला, की पुन्हा येईपर्यंत चक बरोबर पाव फेरा पुढे गेलेला असतो. पहिल्या जॉच्या जागी दुसरा येऊन उभा. पाहणाऱ्याला वाटतं, चक जागचा हललेलाच नाही. आरपीएम जरा कमी पडले की तोच चक उलटा, अगदी निवांत फिरताना दिसतो. तीन जॉचा चक हजार आरपीएमला लावून बघा, सहा जॉचा होऊन स्वस्थ उभा राहतो. एवढ्या किमतीत तीन जॉ जादा कुणी दिले असते तुम्हाला?

आता शेजारी कॉम्प्रेसर सुरू असेल, पलीकडे ग्राइंडर चालला असेल, तर लेथचा आवाज वेगळा काढायला कान तयार लागतो. जुना ऑपरेटर चकाकडे न बघताच ओळखतो. पण परवाच कामाला लागलेला पोरगा हातात पुसायचं कॉटन वेस्ट घेऊन जॉब पुसायला पुढे होतो. चक थांबलेला दिसतोय की! अशा वेळी तुम्ही केबिनमध्ये असलेलं बरं.

जुन्या वायरमन लोकांनी मात्र या कामात घोळ घालून ठेवलाय, तो आधी निस्तरा. मोठ्या शेडमध्ये त्यांनी ट्यूबच्या ओळी आर, वाय, बी अशा तिन्ही फेजवर वाटून दिलेल्या असतात. एका फेजचा उजेड घटतो तेव्हा बाकीच्या दोन फेज भर घालतात आणि तिन्ही उजेड जिथे एकत्र पडतात तिथे चढउतार जवळजवळ उरत नाही. जोडट्यूबच्या पट्टीत तर एका ट्यूबला कपॅसिटर लावून दोघींचे झटके मागेपुढे केलेले असायचे. एवढा विचार करत बसायला त्या काळी लोकांना वेळ होता. तुम्ही सगळ्या ट्यूब एकाच फेजवर घ्या. वायर कमी लागते, एमसीबी एकच लागतो, वायरमन जेवायच्या सुट्टीआधी मोकळा होतो.

लेथच्या डोक्यावर २४ व्होल्टचा हॅलोजनचा मशीन लॅम्प असेल, तर तोही काढून टाका. त्यातली तार तापलेली असते, सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात ती थंड होत नाही, त्यामुळे त्या उजेडात चक फिरताना स्पष्ट दिसतो. वरच्या ट्यूबांनी केलेली सगळी करामत हा एवढासा दिवा वाया घालवतो. शिवाय वीज खातो.

वायरिंगचं फारसं मनावर घेऊ नका. खोक्यातल्या चिठोऱ्यावर लिहिलेलं असतं, की चोक आणि स्टार्टर काढा आणि फेज-न्यूट्रल थेट द्या. कुठे एकाच टोकाला, कुठे दोन्ही टोकांना, हे ट्यूबप्रमाणे बदलतं. हा कागद वाचण्यासाठी नसतो. त्यावर वायरमन तंबाखू मळतो. जुना चोक तसाच मध्ये ठेवून ट्यूब चढवली, तर काही पेटतात, काही फडफडतात, काही पेटून विझून पुन्हा पेटतात. एवढी रोषणाई नुसत्या खंडेनवमीला नव्हे, वर्षभर. वेल्डिंगवाल्याने आर्क मारला की सगळ्या गाळ्याने डोळे मिचकावलेच पाहिजेत. आणि पत्र्याच्या शेडमध्ये वर, पत्र्याला अगदी चिकटवून पट्ट्या ठोका. मे महिन्यात तिथे जी भट्टी पेटते, तिने ड्रायव्हरमधला उरलासुरला कपॅसिटरही सुकून जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की दर वेळी त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वॉरंटीचं विचारायला गेलात तर बिल मागतील, आणि बिल तुम्ही जीएसटी वाचवण्यासाठी घेतलेलंच नाही.

दुपारनंतर ऑपरेटर कुरकुरतील. डोकं दुखतंय, माप घ्यायच्या व्हर्नियरवर रेघ जुळत नाही, डोळ्यांत पाणी येतंय. त्यांना मोबाइल कमी बघायला सांगा. १९८९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या एका ऑफिसातल्या साध्या चोकवरच्या ट्यूब हाय फ्रिक्वेन्सीवर नेल्या, तर लोकांची डोकेदुखी निम्म्यावर आली. पण ते ऑफिस होतं, तिथल्या लोकांना डोकं वापरावं लागतं. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ मध्ये १७८९ नंबरची शिफारस काढली. तिच्या हिशेबाने शंभर हर्ट्झला उजेडातला चढउतार आठ टक्क्यांच्या आत राहिला तर धोका कमी. तुमच्या ट्यूबचा चढउतार शंभर टक्क्यांच्या आसपास, आणि शंभरपैकी शंभर मिळाले की आपल्याकडे पेढे वाटतात. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही सतराव्या कलमात उजेड पुरेसा आणि योग्य असावा असं लिहिलं होतं. त्यातला ‘पुरेसा’ तेवढा आपण पाळू.

गाळ्यात एखादा शहाणा असतोच. तो ट्यूबखाली पेन्सिल सपासप हलवून दाखवेल: चांगल्या उजेडात तिचा सलग पंखा दिसतो, इथे दहा-बारा सुट्या पेन्सिली दिसतात. त्याला कामावर जायला सांगा आणि पेन्सिल काढून घ्या.

राहता राहिला मोठ्या कंपनीचा ऑडिटर. घाबरू नका, तो उजेड मोजायचा लक्समीटर घेऊन येतो आणि लक्समीटर सरासरी मोजतो. टेबलावर पाचशे लक्स आले, की फॉर्मवर टिक. ट्यूब मधल्या मधे किती वेळा विझते, हा रकाना त्याच्या फॉर्मवर नसतोच. धोका आहे तो त्याच्या खिशातल्या मोबाइलचा. शॉप फ्लोअरचा फोटो काढायला त्याने कॅमेरा वर धरला, की स्क्रीनवर काळे पट्टे सरकायला लागतात. म्हणून ऑडिट सकाळी अकराला ठेवा, शटर पूर्ण वर घ्या, ट्यूब बंद ठेवा. विचारलंच, तर सांगा, “साहेब, वीज वाचवतोय.” लगेच वडापाव पुढे करा, दोन्ही हात गुंतले पाहिजेत.