‘बटणं दाबली की होडी पळते’ म्हणणाऱ्यांना उत्तर

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. मला तो सुदामा नगरच्या मामांनी पाठवला, लोकमान्य नगरच्या वहिनींनी पाठवला आणि मी काय खेळतो हे नीट ठाऊक असलेल्या एका मित्राने मुद्दाम पाठवला. मजकूर थोडक्यात असा: कॉम्प्युटरवर शिडाच्या होड्यांच्या शर्यती खेळणं म्हणजे रिकामटेकडेपणा. ज्याची बोटं चपळ तो जिंकतो. नियम-बियम काही नसतात, पैसे भरले की होडी पळते. समुद्र नसलेल्या गावात याचा उपयोग शून्य. कुठलीही खरी क्रीडासंस्था याला विचारत नाही. त्यापेक्षा मुलांना पोहायला पाठवा. खाली जोडलेले दोन हात आणि ‘सर्व पालकांपर्यंत पोहोचवा’.

मी, माझा भाचा, शेजारचे काका आणि आणखी काही जण शनिवारी रात्री या शर्यती खेळतो. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण लिहिणाऱ्याने एकही शर्यत पूर्ण पाहिलेली नाही, हे कळायला तटस्थ असावं लागत नाही.

चपळ बोटांपासून सुरुवात करू. या खेळात कळा मोजक्याच: सुकाणू डावीकडे, उजवीकडे, टॅक (वाऱ्याच्या तोंडातून वळून वारा दुसऱ्या बाजूने घेणं), शीड बदल. शर्यतीचा बराचसा वेळ बोटं नुसती टेकलेली असतात. डोकं चालू असतं, कारण शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही. वाऱ्याच्या दोन्ही अंगांना साधारण ४५ अंशांचा पट्टा तिला बंद. समोरचा बोया, म्हणजे वळायची तरंगती खूण, वारा येतो त्या दिशेला एक किलोमीटरवर असेल, तर नागमोडी जाताना जवळपास १.४ किलोमीटर कापावे लागतात. प्रत्येक वळणावर, म्हणजे टॅकवर, वेग पडतो आणि तो परत यायला वेळ लागतो. म्हणजे सारखी बटणं दाबणारा चपळ माणूस इथे हमखास मागे राहतो.

शिवाय वारा जागच्या जागी राहत नाही, दिशा बदलतो. दोन होड्या बरोबरीने चालल्यात, मध्ये आडवं अंतर १०० मीटर. वारा दहा अंशांनी फिरला, तर ज्या बाजूला तो वळला त्या बाजूची होडी काहीही न करता सुमारे १७ मीटर वर, म्हणजे वारा येतो त्या दिशेला, सरकते. प्रत्यक्ष कापायच्या अंतरात हा फायदा २४-२५ मीटरचा होतो. ही साधी भूमिती आहे, गेममध्ये आणि पाण्यावर सारखीच. वारा कुठून फिरणार याचा अंदाज पाण्यावरच्या गडद पट्ट्यांवरून बांधायचा असतो. झुळूक जिथे उतरते तिथलं पाणी गडद दिसतं, पडद्यावर तसंच दाखवतात. यात बोटांची चपळाई कुठे बसते, ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी सांगावं.

सुरुवातीचा तर प्रकारच वेगळा. गेल्या एका शनिवारी स्टार्टची रेघ वाऱ्याला काटकोनात नव्हती, डावं टोक बरंच पुढे होतं. शंभर मीटरच्या रेघेला दहा अंशांचा तिरकेपणा असेल, तर एका टोकाला १७ मीटरची फुकट आघाडी मिळते. सगळ्यांना ते दिसलं, सगळे तिकडे धावले. शेवटच्या वीस सेकंदांत त्या टोकाला इतकी दाटी झाली की दोघे घंटेआधीच रेघ ओलांडून गेले आणि दंड घेऊन बसले. बाकीचे एकमेकांच्या शिडाआड सापडले. वरच्या होडीच्या शिडामागे वारा मलूल होतो आणि त्यात अडकलेली होडी चालतच नाही. काका मात्र मधोमध, आजूबाजूला कुणी नसताना, भरल्या शिडाने रेघेवर आले. भाचा ओरडला, “काका, तुम्ही तिकडे का नाही आलात?” काका म्हणाले, “अरे, सराफ्यात रात्री खायला गेलो की ज्या दुकानासमोर गर्दी, तिथे आपण कधी उभे राहिलोय का?” काकांना टायपिंग एका बोटाने येतं, हे जाता जाता सांगतो.

आता नियम. ‘नियम-बियम नसतात’ हे वाक्य तर सगळ्यात धडधडीत. वर्ल्ड सेलिंग ही शिडाच्या होड्यांची जागतिक संस्था. तिची शर्यतीची नियमावली दर चार वर्षांनी सुधारली जाते आणि गेम तिच्यातल्या मुख्य नियमांवरच चालतो. वारा उजव्या बाजूने घेणारी होडी म्हणजे स्टारबोर्ड, डाव्या बाजूने घेणारी पोर्ट. समोरासमोर आल्यावर पोर्टने वाट सोडायची. दोघी एकाच बाजूने वारा घेत असतील, तर वाऱ्याच्या वरच्या अंगाची होडी खालचीला वाट देते. मागची पुढचीपासून दूर राहते. बोयाभोवती तीन होड्यांच्या लांबीइतकं वर्तुळ धरतात, त्यात शिरताना आत कोण होतं त्यावरून वळायला जागा मिळते.

वरच्या बोयाजवळ स्टारबोर्डच्या होड्यांची रांग लागलेली असते. भाच्याला त्या रांगेत फट दिसली आणि तो पोर्टने घुसला. फट नव्हती. दंडाची लाल खूण आली, होडी लंगडी झाली आणि रांगेतल्या साऱ्या होड्या एकेक करून त्याच्यासमोरून वळून गेल्या. “मामा, जागा होती हो!” गेम वाद घालत नाही. खऱ्या पाण्यावर याच चुकीबद्दल होडीला दोन पूर्ण गिरक्या घ्याव्या लागतात, नाहीतर समोरचा ‘प्रोटेस्ट’ म्हणून ओरडतो आणि किनाऱ्यावर आल्यावर सुनावणी होते. गेमचा पंच ढोबळ आहे, हे मान्य. समोरच्याला वळायला पुरेसा वाव दिला होता का, असला बारीक निवाडा माणसाच्या पंचासारखा त्याला जमत नाही. आमच्यातले अर्धे वाद यावरूनच होतात. पण वाद नियमांच्या अर्थावरून होतात, नियम नाहीत म्हणून होत नाहीत.

पैशांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, तो निम्मा खरा आहे. यात शर्यतींचे दोन प्रकार आहेत. एक किनाऱ्याजवळची, काही मिनिटांची, जिथे सगळ्यांची होडी सारखी. दुसरी महासागर ओलांडणारी, आठवडेच्या आठवडे चालणारी. ‘व्हर्च्युअल रेगाटा’ या फ्रेंच गेमच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत जादा शिडं आणि इतर साहित्य पैसे देऊन मिळतं आणि त्याने होडी खरंच वेगाने जाते. मला ते पटत नाही. पैसे न भरणारा चांगला खेळाडू पैसे भरणाऱ्या ढिसाळ खेळाडूला मागे टाकतो, पण बरोबरीच्या दोघांत पैसेवाला पुढे जातो. मजकूर लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलं असतं, तर मीच तो पुढे पाठवला असता.

आणि त्या लांब शर्यतीत वारा खरा असतो, हे त्याला ठाऊक नसावं. तो येतो अमेरिकेच्या हवामान खात्याच्या अंदाजातून. त्यांचं जगभराच्या हवामानाचं संगणकी प्रारूप दर सहा तासांनी नवं गणित मांडतं, आपल्या घड्याळात सकाळी साडेपाच आणि साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा. आकडे हाती यायला आणखी काही तास जातात. मग नव्या वाऱ्यावर वाट पुन्हा आखायची. नोव्हेंबर २०२० मध्ये जगाला एकट्याने, न थांबता वळसा घालणारी ‘व्हाँदे ग्लोब’ शर्यत फ्रान्समधून निघाली. खऱ्या पाण्यावर ३३ होड्या होत्या, गेममध्ये त्याच मार्गावर दहा लाखांहून जास्त लोक.

‘खरी संस्था विचारत नाही’ या दाव्याला फार जागा देण्याची गरज नाही. वर्ल्ड सेलिंगची ई-सेलिंग, म्हणजे पडद्यावरच्या होड्यांची, जागतिक स्पर्धा २०१८ मध्ये सुरू झाली. २०२१ मध्ये ऑलिंपिक समितीच्या व्हर्च्युअल मालिकेत आणि २०२३ मध्ये सिंगापूरच्या ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स सप्ताहात सेलिंग होतं. टाळेबंदीत बंदरं ओस पडली तेव्हा खऱ्या होड्यांवरचे खेळाडूही याच गेमवर एकमेकांशी भिडत होते.

राहिला समुद्र. इंदूरला तो नाही, हे खरंच. पण इथून तासाभरावरच्या देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये मुलींच्या आयएलसीए-४ (एकटीने चालवायची छोटी होडी) गटात रौप्य घेऊन आली. त्याआधी २०१८ मध्ये जकार्ताला होशंगाबादच्या हर्षिता तोमरने लेझर ४.७ मध्ये कांस्य मिळवलं होतं. होडी तीच, नंतर नुसतं नाव बदललं. दोघी घडल्या भोपाळच्या मोठ्या तलावावर. समुद्राचं कारण पुढे करायचं, तर आधी या दोघींना सांगावं लागेल.

गेममुळे कुणी नेहा ठाकूर होत नाही, तसा दावाही कुणी केलेला नाही. वारा वाढल्यावर काठावरून मागे लटकत अंगाच्या वजनाने होडी सपाट ठेवणं, दोर ओढून सोलवटलेले तळहात, उलटलेल्या होडीवर पुन्हा चढणं, यातलं काहीही पडदा शिकवत नाही. तो वारा वाचायला शिकवतो, वाट कुणी सोडायची ते शिकवतो आणि गर्दीपासून कधी लांब राहायचं तेही. तलावावर पहिल्यांदा गेलेल्या पोराला हे आधी माहीत असेल, तर प्रशिक्षकाचा थोडा घसा वाचेल.

मुलांना पोहायला पाठवा, हे मात्र सोळा आणे मान्य. खरी होडी शिकायची तर पोहणं आधी यावंच लागतं. भाचा रोज सकाळी जातो. आमची शर्यत रात्री साडेनऊला असते, मजकूर पाठवणाऱ्यांपैकी कुणाला यायचं असेल तर जागा आहे. पोर्टने घुसू नका एवढंच.